शिडांच्या प्रतिमा : अजिंठ्याची भिंत, कोकणचा किनारा आणि कॅमेऱ्याचा वेग

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमाई नदीच्या काठी वसलेले शहादा हे समुद्रापासून दूरचे गाव आहे; परंतु ते ज्या तापीच्या खोऱ्यात आहे, त्या खोऱ्याचे तोंड पश्चिमेकडे, अरबी समुद्राकडे आहे. गोमाई प्रकाशा येथे तापीला मिळते आणि तापी पुढे सुरतेखाली समुद्राला मिळते. प्रकाशा येथे १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बा. कृ. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या, म्हणजे दगडाबरोबर तांब्याचीही हत्यारे वापरणाऱ्या लोकांपासूनच्या वस्तीचे थर मिळाले. त्यामुळे या संगमावर माणूस किती प्राचीन काळापासून राहत आला आहे हे स्पष्ट झाले. तापीच्या मधल्या पात्रात, उंच दरडी आणि खडकाळ तळ यांमुळे, समुद्रगामी जहाजे कधी आली नाहीत. येथील नावा या काठावरून त्या काठावर माणसे आणि जनावरे उतरवण्याच्या. तरीही महाराष्ट्रातील शिडाच्या जहाजांच्या चित्रणाचा, म्हणजे काठावर उभे राहून शिडे पाहण्याचा आणि त्यांची प्रतिमा उमटवून ठेवण्याचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचा आरंभ समुद्रकिनाऱ्यावर न करता याच खोऱ्यात करावा लागतो.

अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली आहेत, ती वाघूर उत्तरेकडे वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. या लेण्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात रंगवलेले एक जहाज आहे. ते शूर्पारकाच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, ‘पूर्ण’ नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतील असल्याचे मानले जाते. पूर्ण बुद्धाचा अनुयायी होतो आणि समुद्रात संकटात सापडलेल्या आपल्या भावाच्या जहाजाचे रक्षण करतो, अशी ती कथा आहे. चित्रातील जहाजाला तीन उभ्या डोलकाठ्या, त्यांवर उंच आणि अरुंद आयताकृती शिडे, मागील बाजूस सुकाणूचे काम करणारी वल्ही आणि तळावर ओळीने ठेवलेले रांजण दिसतात. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि त्यांवर आधारलेला ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे राधाकुमुद मुखर्जी यांनी भारतीय नौवहनाच्या इतिहासावरील १९१२ च्या ग्रंथात या जहाजाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. या चित्राचे महत्त्व असे की त्यातील शीड वाऱ्याने भरलेले आहे. कापडाला आलेला फुगवटा चित्रकाराने रेषेने दाखवला आहे, आणि ज्याने चालते शीड पाहिलेले नाही, किंवा पाहणाऱ्याकडून बारकाईने ऐकलेले नाही, त्याच्या हातून असा फुगवटा येणे अवघड होते.

या एका चित्राने अलीकडे जे काम केले ते पाहता त्याचे मोल आणखी वाढते. पाचव्या शतकातील भारतीय जहाज पुन्हा बांधून पाहावे, या हेतूने जुलै २०२३ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही संस्था यांच्यात करार झाला. प्राचीन भारतीय जहाजांचे कोणतेही आराखडे उपलब्ध नसल्याने अजिंठ्याचे चित्र हाच मुख्य आधार धरावा लागला. लाकडी फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोराने एकमेकींना शिवून जहाज बांधण्याची जुनी पद्धत केरळातील कुशल कारागिरांनी वापरली, आयताकृती शिडे आणि सुकाणूची वल्ही यांचा मेळ कसा बसेल याची चाचणी चेन्नईच्या आयआयटीच्या साहाय्याने झाली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने हे जहाज नौदलात दाखल झाले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या एका डोंगरातील भिंतीवरचे चित्र इतके विश्वसनीय ठरले. आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अलीकडच्या, खुद्द किनाऱ्यावर कॅमेरा लावून टिपलेल्या छायाचित्रांत मात्र शिडाविषयीची नेमकी माहिती पुष्कळदा सापडत नाही. या विसंगतीची कारणे समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे.

तापीच्या खोऱ्यातील लोकांना शिडे अपरिचित नव्हती, कारण खोऱ्याचा व्यापार शिडांवरच अवलंबून होता. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा मोगलकालीन मार्ग नंदुरबारवरून जात असे. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो आणि १६३० मध्ये दुष्काळाच्या ऐन काळात पीटर मंडी याच वाटेने गेले. खानदेशातील कापड आणि नीळ या मार्गाने सुरतेस पोहोचत असे, आणि तेथे पोहोचल्यावर व्यापाऱ्यांच्या माणसांना जी जहाजे दिसत ती सुरतेच्या धक्क्यावर दिसत नसत. तापीच्या मुखाशी गाळ साचून उथळ पट्टा तयार झालेला असल्याने मोठी जहाजे मुखाच्या उत्तरेस सुवाळी येथील खोल पाण्यात नांगर टाकीत आणि माल छोट्या नावांनी व बैलगाड्यांनी ने-आण करावा लागे. येथेच १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात लढाई झाली आणि ती मोगल अधिकाऱ्यांनी किनाऱ्यावरून पाहिली. इंग्रजांना सुरतेत वखार मिळण्यास या लढाईचा मोठा हातभार लागला. किनाऱ्यावरून शिडे पाहणे ही त्या काळी हौसेची बाब नव्हती. कोणाचे शीड मोठे, कोणाचे वाऱ्याशी अधिक जुळते घेते, यावरून राजकारण ठरत होते. मंडीने आपल्या प्रवासाच्या हस्तलिखितात स्वतः काढलेली रेखाटनेही घातली आहेत, आणि प्रवाशाने पाहिलेले रेखाटून ठेवण्याची जी सवय युरोपीय लोकांनी सोबत आणली, तिचे ते एक लवकरचे उदाहरण आहे.

मात्र युरोपीय रेखाटनांविषयी एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे पाहणाऱ्याची जागा. पुढे पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झालेला झुवांव द कास्त्रू १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत आरमारासह गेला, तेव्हा त्याने कोकणातील खाड्यांचे आणि बंदरांचे वर्णन चित्रांसह लिहून ठेवले. ही चित्रे जहाजावरून किनारा कसा दिसतो आणि खाडीत कोणत्या वाटेने शिरावे हे सांगण्यासाठी होती. डोंगरांचे आकार, खडक, पाण्याची खोली या त्यांतील महत्त्वाच्या गोष्टी होत. पुढील दोन शतके युरोपीय दर्यावर्दी किनाऱ्याच्या अशाच कडा रेखाटीत राहिले. याच्या उलट, किनाऱ्यावर राहणारा माणूस समुद्राकडे पाहत होता आणि त्याला दिसणारी वस्तू डोंगर नसून शीड होती. त्याच्या पाहण्याची नोंद कागदावर फारशी उतरली नाही. ती दगडावर काही प्रमाणात उतरली. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड, यांवर नाविक युद्धाची दृश्ये आहेत आणि ती शिलाहारांच्या अखेरच्या काळातील असावीत असे अनेक संशोधक मानतात. त्यांतील नौका वल्ह्यांनी चालणाऱ्या आहेत. जवळून भिडणाऱ्या लढाईत वल्हे हेच खरे साधन असल्याने शिल्पकाराने शिडाला महत्त्व दिले नाही.

मराठ्यांच्या जलदुर्गांनी या पाहण्याला शिस्तीचे रूप दिले. १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग, तसेच विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा आणि १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ताब्यात घेऊन तटबंदी केलेले खांदेरी बेट, ही सर्व ठाणी शिडे दिसू लागण्याच्या क्षणाला महत्त्व देणारी होती. पोर्तुगीज आपल्या परवानगीशिवाय जाणाऱ्या जहाजांना अडवीत आणि परवान्यासाठी पैसे घेत. मराठ्यांनी, आणि विशेषतः १७२९ मध्ये मृत्यू पावलेल्या कान्होजी आंग्रे यांनी, हाच हक्क आपल्या किनाऱ्यावर सांगितला. दूरवरचे शीड कोणत्या घडणीच्या नौकेचे आहे, ती गुराब आहे की गलबत, भरलेली आहे की रिकामी, हे बुरुजावरून ओळखता येणे म्हणजे कर वसूल होणे किंवा चुकणे होते. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी मोठी लढाऊ नौका, आणि गलबत ही शीड व वल्ही दोन्हींनी चालणारी, उथळ पाण्यात सहज शिरणारी लहान नौका. खांदेरीच्या लढाईत मंद वाऱ्यात जड इंग्रजी जहाजे जागच्या जागी खोळंबत असताना मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर बेटाला रसद पोचवीत राहिल्या. मुंबईच्या इंग्रजांना हा प्रकार हताशपणे पाहावा लागला.

किनाऱ्यावरून रोज जे दिसत असे ते वाऱ्यांनी ठरवलेले होते. कोकणात उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे जो वारा वाहतो त्याला मतलई वारा म्हणतात, आणि दुपारी ऊन चढल्यावर समुद्रावरून जमिनीकडे येणाऱ्या वाऱ्यास खारा वारा म्हणतात. मच्छीमार मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्यावर परतत. किनाऱ्याने माल नेणाऱ्या नौकांचे तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, याच दोन वाऱ्यांचा मेळ घालून खाडीमागून खाडी गाठीत. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा पाऊस सुरू होण्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून घेतल्या जात, शिडे उतरवून ठेवली जात, नौकांवर नारळीच्या झापांचे छप्पर घातले जाई आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यानंतर हळूहळू शिडे पुन्हा दिसू लागत. त्यामुळे शिडे पाहण्याचा हंगाम म्हणजे साधारणपणे आश्विन ते वैशाख. नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जमणारा समुदाय हा या देशातील शिडे पाहणाऱ्यांचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा मेळावा होय, असे म्हणता येईल. आणि त्या समुदायातील प्रत्येक माणसाला आपल्या घरची नौका शिडाच्या एका ठिगळावरूनही ओळखता येत असे.

या शिडाची घडण समजून घेतल्याशिवाय पुढील चित्रांचा अर्थ लागत नाही. कोकणातील बहुतेक नौकांवर एका लांब तिरक्या वाशाला बांधलेले, जवळजवळ त्रिकोणी शीड असे. त्या वाशाला परबाण म्हणतात. परबाणाचे पुढचे टोक खाली, नौकेच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाकडे झुकलेले आणि मागचे टोक आकाशात उंच गेलेले असे. डोलकाठी सरळ उभी नसून पुढे कललेली असे, जेणेकरून जड परबाण तिच्यापासून मोकळे लोंबावे आणि वारा बदलल्यावर ते काठीच्या पुढून दुसऱ्या बाजूस नेता यावे. फत्तेमारी ही या किनाऱ्यावरील सर्वांत प्रसिद्ध मालवाहू नौका दोन, क्वचित तीन अशा कललेल्या डोलकाठ्यांची होती. तिची नाळ लांब आणि बाकदार असे. मचवा तिच्याहून लहान, मासेमारीस आणि थोड्या मालास उपयोगी. पडाव आणि शिबाड या अवजड मालाच्या नौका. १८८० ते १८८३ च्या दरम्यान मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचे रत्नागिरी, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांवरील खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा नौकांचे हे प्रकार त्यांत नोंदवले गेले.

किनाऱ्यावरून शिडे रेखाटण्याचे काम अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत वाढले. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी १७९१-९२ च्या सुमारास मुंबई बेट आणि परिसराची दृश्ये काढली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये ती संग्रहरूपाने प्रसिद्ध झाली. १८२६ च्या सुमारास जोझे गोन्साल्विस यांनी मुंबईच्या दृश्यांची शिळाछाप चित्रे काढली. या दृश्यांत शिडे आहेत, पण ती देखाव्याचा भाग म्हणून. इमारतीपुढे उभ्या केलेल्या झाडासारखे त्यांचे स्थान. शिडाकडे शीड म्हणून पाहिले ते जहाजबांधणीच्या जाणकारांनी. त्रिंकोमालीच्या गोदीतील मुख्य जहाजबांधणीकार जॉन एडाय यांनी १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात फत्तेमारीचे मापांसह वर्णन आणि आराखडे दिले. मोठी फत्तेमारी सुमारे ७६ फूट लांब आणि २०० टन भाराची असे, असे त्यात नमूद आहे. फ्रेंच नौदलातील फ्रान्स्वा-एद्मों पारी यांनी जगभर फिरून पाहिलेल्या युरोपेतर नौकांवरचा मोठा सचित्र ग्रंथ १८४३ मध्ये काढला, आणि त्यात मुंबईच्या फत्तेमारीलाही जागा मिळाली. एडाय आणि पारी यांच्या रेषेत दोर कोठे बांधला आहे हेसुद्धा दिसते. कॅमेरा येण्याच्या उंबरठ्यावर हाताने काढलेले चित्र अचूकतेच्या इतक्या वरच्या पातळीस पोहोचले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कॅमेरा मुंबईत फार लवकर रुजला. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण १८५५ मध्येच सुरू झाले. त्यानंतर लगेच, १८५६ ते १८५८ या काळात, विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतील लोक आणि स्थळे यांच्या छायाचित्रांची मालिका अंकशः काढली. तरीही या पहिल्या पंचवीस वर्षांतील बंदराच्या छायाचित्रांत वाऱ्यावर चालणारे शीड क्वचितच आढळते. दिसतात त्या नांगरलेल्या नौका, उतरवलेली परबाणे आणि उघड्या डोलकाठ्यांचे रान. याला छायाचित्रकारांची अनास्था कारणीभूत नव्हती. त्यांच्या हातातील रसायनांनी घातलेली मर्यादा होती.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत त्या काळी सर्वत्र वापरली जात होती. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरवून, ते चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालावे लागे आणि प्रकाश देऊन झाल्याबरोबर, सुकण्यापूर्वी, अंधाऱ्या तंबूत धुवावे लागे. मुंबईच्या उन्हाळ्यात तावदान झपाट्याने सुके, म्हणजे तंबू, रसायने आणि पाणी हे सर्व किनाऱ्यावरच थाटावे लागे. मोठ्या तावदानास प्रकाश देण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात खाऱ्या वाऱ्यावर येणारा मचवा आपल्या लांबीहून अधिक अंतर कापून जाई. तावदानावर त्याचा एक धूसर पट्टा तेवढा उरे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. कोलोडियनला निळा रंग अतिशय लवकर जाणवे आणि इतर रंग फार उशिरा. त्यामुळे निळे आकाश कागदावर कोरे पांढरे उतरे, आणि त्या कोऱ्या आकाशापुढे उभे असलेले पांढरे शीड आकाशात मिसळून नाहीसे होई. डोलकाठी मात्र काळी असल्याने ठसठशीत दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या छायाचित्रांत डोलकाठ्यांचेच राज्य का आहे, याचे उत्तर येथे मिळते.

जगात अन्यत्रही हीच झुंज चालू होती. वेल्समधील जॉन डिल्विन लुएलिन यांनी १८५० च्या दशकाच्या मध्यावर लाटा आणि वाफ क्षणात टिपून दाखवली, पण ती लहान आकाराच्या तावदानांवर. फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रे यांनी १८५६-५७ मध्ये नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून काढलेल्या सागरचित्रांनी लोकांना थक्क केले. आकाश आणि पाणी यांना लागणारा प्रकाश वेगवेगळा असल्याने ते काही चित्रांत दोन निराळी तावदाने एकत्र छापीत. त्यांची शिडे बहुधा सूर्याच्या दिशेने पाहून टिपलेली, म्हणजे गडद छायारूप असत. वेगवान आणि सुकी तावदाने येईपर्यंत यापुढे जाणे कोणालाही शक्य नव्हते. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची सुकी तावदाने दशकाअखेरीस बाजारात आली, प्रकाश देण्याचा वेळ सेकंदाच्या लहानशा अंशावर आला, आणि १८९१ च्या सुमारास दूरची वस्तू मोठी दाखवणारी टेलिफोटो भिंगे तयार झाली. किनाऱ्यावरून छायाचित्र काढणाऱ्यास हे भिंग शटरइतकेच आवश्यक होते, कारण साध्या भिंगातून मैलभर अंतरावरचे शीड कागदावर तांदळाच्या दाण्याएवढेही उतरत नाही.

यंत्र आले तरी किनाऱ्याची दिशा बदलत नाही. रत्नागिरी, मालवण, हर्णे, मुरूड येथील समुद्र पश्चिमेस आहे. सकाळी मतलईवर निघालेल्या शिडांवर सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीमागून पडे आणि कापडाची शिवण अन् शिवण उजळे. परंतु त्या वेळी किनाऱ्यावर कोणी फारसे नसे. संध्याकाळी नौका परतत, बाजार भरे, घरची माणसे वाट पाहत उभी असत, वारा पाठीवर घेऊन शिडे पूर्ण फुगलेली असत, आणि नेमका त्याच वेळी सूर्य शिडांमागे असे. कोकणातील शिडांची बहुसंख्य छायाचित्रे सूर्यास्तापुढील काळ्या आकृत्या आहेत ती यामुळे. मुंबईच्या बंदरात हे सर्व उलटे होते. बंदर बेटाच्या पूर्वेस आहे; अपोलो बंदरावर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीस दुपारनंतर सूर्य येई, समोरून जाणारी शिडे उजळून निघत आणि त्यांमागे उरण-घारापुरीकडचे डोंगर किंचित गडद पार्श्वभूमी पुरवीत. चालत्या शिडाच्या छायाचित्राला याहून अनुकूल जागा पश्चिम किनाऱ्यावर थोड्याच असतील.

परंतु अपोलो बंदरावरून कोणाची शिडे टिपली गेली, हा प्रश्न विचारावा लागतो. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे यॉट क्लबला १८७६ मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी त्याची वास्तू अपोलो बंदरावर उभी राहिली. यॉट, म्हणजे केवळ शर्यत आणि विहार यांसाठी बांधलेली शिडाची नौका, ही या किनाऱ्यास नवी वस्तू होती. क्लबच्या हिरवळीवरून शर्यती पाहणे हा युरोपीय समाजाच्या हिवाळी दिनक्रमाचा भाग बनला. भारतीयांना मात्र स्वातंत्र्यापूर्वी दीर्घकाळ या क्लबचे दार बंद होते. ज्या वर्षांत कॅमेरा शिडाचा वेग पकडण्याइतका तरबेज झाला, त्याच वर्षांत कॅमेऱ्यासमोर सर्वांत सोयीच्या जागी ही विहारनौका होती, आणि फत्तेमारी मात्र माझगावच्या बाजूस, भाऊच्या धक्क्याच्या परिसरात, कौले, लाकूड आणि मीठ उतरवीत उभी होती. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटवरील काउझ येथे औषधांचे दुकान चालवणाऱ्या बीकन कुटुंबाने १८८८ पासून शर्यतींच्या शिडांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसायच उभा केला. त्यांपैकी फ्रँक बीकन यांनी, दोन्ही हात कॅमेरा धरण्यात गुंतत असल्याने, दातांत धरलेला रबरी फुगा चावून शटर उघडण्याची युक्ती काढली. त्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या तावदानांमुळे तेथील जवळजवळ प्रत्येक नामांकित यॉट आज ओळखता येते. मुंबई इलाख्यातील हजारो कष्टकरी नौकांना असे कोणी मिळाले नाही, आणि ही हानी किरकोळ मानता येत नाही. कारण त्या नौकांची घडण कोणत्याही कागदी आराखड्यावर नव्हती, ती सुतारांच्या आणि तांडेलांच्या स्मरणात होती.

काळही थोडा मिळाला. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली तेव्हापासून लांब पल्ल्याची शिडे मागे पडू लागली; १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ मध्ये ससून गोदी आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी वापरात आली, आणि कोकणच्या बंदरांतून उतारू नेण्याचे काम आगबोटींनी घेतले. तरीही किनाऱ्याने जाणारा स्वस्त आणि अवजड माल, तसेच मासेमारी, ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिडांकडेच राहिली. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी आणि छायाचित्रकार ॲलन व्हिलियर्स यांनी १९३८-३९ मध्ये कुवेतच्या खलाशांबरोबर अरबी शिडाच्या जहाजावरून प्रवास केला आणि चालत्या शिडाखालील आयुष्याची असंख्य छायाचित्रे काढली. आपल्या पिढीत हे सर्व संपणार याची त्यांना स्पष्ट कल्पना होती. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे प्रमुख राहिलेले जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकांच्या घडणीवर १९२० मध्ये लिहिले ते मुख्यतः मोजमाप आणि तुलना यांच्या आधारे. पश्चिम किनाऱ्यावर या दोघांच्या तोडीचे सलग काम फत्तेमारीच्या वाट्यास आले नाही.

स्वातंत्र्यानंतर मच्छीमार नौकांना यंत्रे बसवण्यास सरकारी साहाय्य मिळू लागले आणि १९५० च्या दशकापासून शिडे झपाट्याने कमी झाली. या संक्रमणाचा एक लक्षणीय पुरावा कायद्याच्या भाषेत सापडतो. १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमात शिडाच्या नौकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील व्याख्येनुसार नौकेत यंत्र असले किंवा नसले, तरी केवळ शिडावर चालण्यास पुरेसे शीड तिच्यावर असेल तर ती शिडाची नौका होय. यंत्र आणि शीड एकाच नौकेवर नांदत असल्याच्या काळाचे इतके नेमके वर्णन कोणत्याही छायाचित्राने केलेले नाही. सुकी तावदाने बाजारात आल्यापासून हा अधिनियम होईपर्यंत सुमारे ऐंशी वर्षे जातात. चालत्या शिडाचे छायाचित्र काढणे शक्य होते आणि काढण्याजोगे शीडही समुद्रावर होते, असा काळ तेवढाच.

म्हणून त्या काळातील उपलब्ध छायाचित्रे वाचण्याची रीतच निराळी ठेवावी लागते. नुसत्या काळ्या आकृतीतही डोलकाठीचा पुढे असलेला कल मोजता येतो आणि त्यावरून परबाणाच्या वजनाचा अंदाज बांधता येतो. दोन डोलकाठ्यांमधील अंतरावरून फत्तेमारी आणि मोठा मचवा यांतील फरक ठरवता येतो. नांगरलेल्या नौकांच्या चित्रात परबाण काठीवर वर आहे की तळावर उतरवलेले आहे हे पाहिल्यास नौका निघण्याच्या तयारीत होती की मुक्कामास, हे कळते. झापांचे छप्पर दिसल्यास चित्र पावसाळ्याच्या आसपासचे. चिखलात कलंडलेल्या नौका ओहोटीची वेळ सांगतात, आणि सावल्यांची दिशा किनाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहिली तर सकाळ की संध्याकाळ, व त्यावरून त्या वेळी मतलई वाहत असेल की खारा, इथपर्यंत जाता येते. एडाय आणि पारी यांचे आराखडे शेजारी ठेवून, आणि ज्यांनी तरुणपणी शीड ओढले आहे अशा कोकणातील वृद्ध खलाशांना दाखवून, ही छायाचित्रे एकेक करून ओळखणे हे काम आजही करण्याजोगे आहे. सरकारी संग्रहांबरोबरच कोकणातील जुन्या छायाचित्रण-दुकानांत आणि घराघरांतील कौटुंबिक संचांत या कामाची सामग्री शोधावी लागेल. लग्नाच्या किंवा शाळेच्या छायाचित्रात माणसांच्या मागे, खाडीच्या पाण्यावर, अभावितपणे उतरलेल्या नौका त्यात मोजाव्या लागतील, आणि अशा प्रत्येक नौकेपुढे खाडीचे नाव, महिना आणि शक्य असल्यास नाखव्याच्या, म्हणजे नौकेच्या मालकाच्या, घराण्याची नोंद करावी लागेल.